जोडीतला उजवा

औरंगपुऱ्यातल्या फोटो लॅबमध्ये जोहराचाचींनी नवे प्रिंट दोन भिंगांच्या जुन्या डब्यात सरकवले, डबा डोळ्यांना लावला आणि काउंटरवर आपटला.

"सपाट दिसतंय. दोन निगेटिव्हचे दोन प्रिंट सांगितले होते. तू एकाचेच दोन काढलेस."

"चाची, दोन्ही जवळपास सारखेच तर होते," लॅबवाला सुहास म्हणाला.

"सारखे कसे? आमचे हे एक फोटो काढायचे, मग कॅमेरा चार बोटं उजवीकडं सरकवून दुसरा. तोवर मी हलायचं नाय. दोन डोळ्यांना दोन वेगळे मिळाले, तरच माणूस समोर बसल्यागत दिसतो."

"व्हय, पण उजव्यात तुमचा चेहरा लई चिडलेला आलाय. डाव्यात किती छान हसताय. जोडी जुळावी म्हणून हसराच दोनदा काढला."

जोहराचाचींनी दोन्ही प्रिंट फाडले.

"ते 'हस' म्हणाले म्हणून हसले. बटण दाबलं, हसणं संपलं. डावीकडची त्यांनी बसवलेली बाई हाय. उजवीकडची मी. तू तिला दोनदा काढलंस अन् मला वगळलंस."