समोरच्या दुकानातलं मूळ

वैद्यबाई रिकामं पातेलं घासत बसल्या होत्या. घासण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, पण हातांना सवय. काळं मूळ त्यांच्या दुकानात ठेवणं आता गुन्हा होता. समोरच्या तेलवाल्या वैद्यांना मात्र परवाना मिळाला. त्यांच्या पद्धतीला कायद्यात जागा होती, बाईंच्या पद्धतीला नव्हती.

मूळ एकच. ते लोक कच्चंच कुटून तेलात घालतात आणि सांध्यांना चोळायला देतात. बाई पोटात घ्यायला द्यायच्या, पण त्याआधी दिवसभर उकळायच्या. मग एक तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा. जीभ बधिर झाली की विष बाकी आहे, पातेलं पुन्हा शेगडीवर. गिऱ्हाइकाच्या हाती पडायची ती नुसती पूड. मागची उस्तवार कुणाला सांगायची वेळच कधी आली नाही.

बाईंचं जुनं गिऱ्हाईक असलेला गवंडी दारात येऊन उभा राहिला. काल आईच्या गुडघ्यांचं औषध मागायला आला होता, तेव्हा बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. समोर जा, मूळ तेच आहे, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं होतं. आज स्वारी खुशीत होती. समोर लगेच मिळालं, कुणी आडकाठी केली नाही, असं तो सांगू लागला. दुकानदार मध्येच तेलाचं काहीतरी बोलत होता, पण आम्ही काय आजचे आहोत का, म्हणून यानेच त्याला गप्प केलं होतं.

बाईंनी घासणी खाली ठेवली.

"तेलच घेतलंत ना?"

"तेल कशाला? मूळ घेतलं, घरीच कुटलं. तुम्ही द्यायचात तशीच पूड. सकाळी चमचाभर, कोमट पाण्यातून."

बाई उठल्या तसं पातेलं लवंडलं. साबणाचं पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं.

"आई कुठे आहे?"

"घरीच. अहो, घाबरताय काय? गुण लगेच आला. गुडघे दुखतच नाहीत म्हणाली." गवंड्याने पाण्यातून पाय बाजूला घेतला. "फक्त जीभ बधिर झालीये म्हणते. म्हटलं, पडून राहा जरा, मी बाईंना सांगून येतो."