बाराशेचा पंख

फळी आजही पाण्यातून वर आली नाही. पतंग आभाळात ताणून उभा होता, वारा हवा तसा होता, बाईने पतंगाची दांडी नीट धरली होती. तरीही फळी पाण्यावर पोट घासत राहिली आणि शेवटी बाईसकट आडवी झाली.

मास्तर किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून बघत होते. पतंगाच्या ओढीने पाण्यावरून पळायला शिकवणं हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. फळीखाली खांब, खांबाच्या टोकाला पाण्यात बुडालेला पंख. वेग आला की तो पंख फळीला आणि तिच्यावरच्या माणसाला उचलून धरतो. शिकाऊ माणसाला रुंद, जाड आणि संथ पंख द्यायचा. तो हळू वेगातही उचलतो आणि चुका पोटात घालतो. किती रुंद, ते वजनावर ठरतं. बाईचं वजन अठ्ठावन्न किलो, म्हणून मास्तरांनी तिला बाराशे चौरस सेंटिमीटरचा पंख दिला होता. त्याच पंखावर नव्वद किलोचा एक दातांचा डॉक्टर पहिल्याच दिवशी वर आला होता, आणि त्याला तर धड उभंही राहता येत नव्हतं.

काल मास्तरांनी बाराशेचा काढून पंधराशेचा लावला. आज तोही हरला. घोडं कुठे अडतंय ते त्यांना कळेना. एक गोष्ट मात्र त्यांनी आज पाहिली आणि ती त्यांना आवडली नाही. बाई सगळा भार पुढच्या पायावर देऊन उभी होती आणि बुडत होती ती फळीची मागची कड.

सामानाच्या खोलीत बाई ओल्या पोशाखातच वजनकाट्यावर चढली. साठ. पोशाखाचे दोन वजा केले की बरोबर अठ्ठावन्न.

"ताई, पाण्यात काही वेगळं वाटतं का तुम्हाला?"

"पाठीला गार लागतं," बाई म्हणाली. "ओल्या अंगाने कोणी टेकून उभं राहावं तसं." बूट चावतोय हे सांगावं, इतक्या सहज तिने ते सांगितलं.

मास्तर पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

"माझा नवरा तुमच्याकडेच शिकत होता," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी गेला तो परत आला नाही. सापडलाही नाही."

वीस वर्षांत असा एकच माणूस होता.

"वजन किती होतं त्यांचं?"

"सत्याहत्तर."

मास्तरांनी मनातल्या मनात बेरीज केली. एकशे पस्तीस. या वाऱ्यात पंधराशेचा पंख एकशे तीसच्या पुढे हात टेकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! त्यांचा हात भिंतीवरच्या दोन हजारांच्या पंखाकडे गेला. तो दोघांना उचलणारा. मुकाट्याने लावला असता तर बाई वर आली असती आणि विषय तिथेच मिटला असता.

"दोन वर्षं त्याला शिव्या घालतेय मी," बाई बोलत होती. "घरात भांडायला दुसरं आहे कोण? फोटोशी भांडते. लेकाच्याला वेगाचा सोस! शिकाऊ असून हट्टाने शर्यतीचा पंख घेतला, असं तुम्हीच चौकशीत सांगितलंत ना? मला एकदा वर उठायचंय, मास्तर. माझ्यापेक्षा जास्त असं तिथे त्याला काय दिसलं, ते बघायचंय. मग घरी जाऊन झोपेन म्हणते. दोन वर्षांत नीट झोपले नाही."

मास्तरांनी हात मागे घेतला. या गोष्टीची त्यांनी आजवर कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"त्यांनी मोठाच पंख मागितला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी वारा छान होता, मोठे पंख सगळे बाकीच्यांबरोबर पाण्यात गेलेले. भिंतीवर पाचशेचा उरला होता, शर्यतीचा. ते म्हणाले, मी थांबतो. मी म्हटलं, अहो चालतंय, जा."

"थांबतो म्हणाला?"

"दोनदा म्हणाले."

बाई बाकावर बसली. तिला मास्तरांचा संताप आला. पण त्याच्याही आधी नवऱ्यावरचा दोन वर्षांचा राग सर्रकन उतरला आणि तिला रडू फुटलं. मास्तर समोर उभे राहिले. तिने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाराशेचाच लावा."

मास्तरांनी लावला. पतंग वर गेला, बाई फळीवर उभी राहिली, आणि दहा हात गेली असेल नसेल तोच फळीखालचा पाण्याचा खळखळाट एकदम थांबला. बाई पाण्याच्या हातभर वर होती. फळी पुढे-मागे सारखी, कुठेही कललेली नव्हती. ती बरीच लांब गेली, वळताना पडली, पुन्हा उठली आणि परत आली.

"तो उतरला," दांडी मास्तरांच्या हातात देत ती म्हणाली. "कुठे गेला ते मला विचारू नका." आणि ती कपडे बदलायला निघून गेली.

दुपारचं ऊन कडक होतं. मास्तर दोन वर्षांत पाण्यात उतरले नव्हते. अंगातला सदरा कोरडा ठणठणीत होता. तरी त्यांच्या पाठीला गार लागलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते पंख निवडायला खोलीत गेले. आधी स्वतःचं वजन धरलं, मग त्यात सत्याहत्तर मिळवले.