पावाच्या दुकानातली शांतता

"नाही जमायचं, मास्तर. शनिवारी कामावर घेतील आणि रविवारी घरी बसवतील." फ्रेंचच्या वर्गात अझेबनं वही मिटली.

फ्रान्समधल्या रुबे शहरातल्या पावाच्या दुकानात तिला काउंटरवर उभं करून आठवडाभर बघणार होते, मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. एरिट्रियाहून येऊन दोन वर्षं झाली, पुस्तकातले धडे तोंडपाठ. पण दुकानात लोक बोलू लागले की तिच्या हाती काही लागत नसे.

रेजिस मास्तरांनी पुस्तक बाजूला सारलं. सकाळी ते त्याच दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांना विचारून, त्यांचं बोलणं फोनवर टिपून आले होते. "समजून घ्यायचं नाही. लोक कितीदा अडखळतात, तेवढं मोजा."

फोनमधून दुकानातला गलका उसळला. अर्धी वाक्यं, "हं", "म्हणजे", "नको, थांबा"... अझेबच्या दोन्ही हातांची बोटं संपली. मग एक म्हातारा आवाज आला. "मला ते द्या... ते हो, काल नेलेलं... अहो, काय म्हणतात त्याला..."

"हे आपल्यासारखेच, बाहेरून आलेले?" तिनं विचारलं.

"छे! इथेच जन्मले, इथेच म्हातारे झाले."

"मग मास्तर, त्यांनाही वर्गात बसवा," अफगाणी गवंडी झलमय म्हणाला. "माझ्या शेजारी जागा आहे." सगळे खो खो हसले.

अझेब हसली नाही. "त्यांच्यानंतरचं पुन्हा लावा."

लावलं. म्हातारा गप्प झाला होता. रांगेत कुणी खाकरलं. बऱ्याच वेळानं त्यालाच पावाचं नाव आठवलं, आणि कागदी पिशवी सळसळली.

"मधे मालकीणबाई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. थांबल्या."

"एवढंच? अहो, हे तर मला येतं!" अझेबच्या मनावरचं ओझं उतरलं. फ्रेंचमध्ये ती चाचरत सांगू लागली, "आमचे म्हातारे धर्मगुरू प्रवचन गाऊन सांगतात. मधेच ओळ विसरतात. आम्ही सगळे उभे. कुणी ओळ पुरवत नाही. त्यांची त्यांना ती..."

तिला पुढचा शब्द मिळेना.

कुणीच तो पुरवला नाही. झलमयसुद्धा गप्प बसून राहिला. अझेब छताकडे बघत, सावकाश, शब्द शोधत होती.