मावेल एवढी जागा

परदेशी शिकायला आलेल्या तिच्या डोळ्यांपुढे सकाळपासून नवरा आणि लेकच होते. भाड्याची खोली सरकारी मापात बसली, तरच त्यांना बोलावता येणार होतं. खोली मोजायला आलेल्या तपासनिसाने टेप गुंडाळली. “तिघांना हातभर कमी पडतेय. कपाटाखालची जागा धरत नाहीत.” घरमालकीण आजी दारातूनच फणकारल्या, “देवाच्या घरी जागा मोजत नाहीत हो.” “मी सरकारच्या घरून आलोय, आजी.” कपाटात आजींच्या गेलेल्या नवऱ्याचे कोट होते. त्यांना कुणी बोट लावलेलं आजींना खपत नसे. मग त्यांनीच कपाट उघडलं, कोट कवेत घेतले. “उचला. येणाऱ्यांना जागा नको?” तपासनिसानेच एक बाजू धरली. कपाट बाहेर गेलं. जमिनीवर उजळ चौकोन उमटला. तिला त्यात पाय दुमडून झोपलेली लेक दिसली. “पुरतेय,” तपासनीस म्हणाला. “हळू बोला,” ती पुटपुटली.