काळा ठिपका

आजच्या फोटोतून गेल्या वर्षीचा फोटो वजा केला, तर दूरच्या दीर्घिकेच्या कडेला काळा ठिपका उरला. म्हणजे तेव्हा तिथे काहीतरी होतं, आता नाही. वेधशाळेत बसलेल्या शाल्मलीला गेल्या वर्षीची ती रात्र आठवली.

"मॅडम, तारा फुटलाय," दुर्बीण चालवणारे लोटलीकर तेव्हा म्हणाले होते. "कॅमेऱ्यावरचा डाग आहे," म्हणत तिने उडवून लावलं होतं.

तिने घाईघाईने गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातला दुसऱ्या दुर्बिणीचा फोटो शोधला. त्याच जागी तिथेही तेजस्वी ठिपका होता; म्हणजे तो कॅमेऱ्यावरचा डाग नव्हता.

दोनदा कट करून अखेर तिने निवृत्त लोटलीकरांना फोन लावला. "तुमचं बरोबर होतं. शोध तुमच्या नावावर नोंदवतेय."

"कुठल्या प्रकारचा स्फोट होता, मॅडम?"

"जळत होता तेव्हा प्रकाश तपासला असता, तर कळलं असतं," ती म्हणाली. "तेव्हा मी त्याला डाग म्हणत होते."