चारमिनारी रुपयाचा निकाल

वकीलसाहेबांच्या चारमिनारी रुपयाला पहिला नंबर मिळाला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण तसं काही घडलंच नाही.

सन अठ्ठ्याण्णव, सिकंदराबादचं नाणे-प्रदर्शन. परीक्षकांनी निजामाच्या काळचा तो चांदीचा रुपया भिंगाखाली धरला. वकीलसाहेब श्वास रोखून उभे. शेजारी नवा जावई निनाद, पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला.

"झीज नावाला नाही. मिनार बघा कसे उठून दिसतात!" परीक्षक खूश झाले, आणि एकदम थबकले. "पण वरची जुनी काळसर झाक कुठाय? वकीलसाब, इसकू घिसा कौन? घासलेलं नाणं आम्ही बाद करतो."

"घासलं? अहो, जन्मात मी त्याला फडकं लावलं नाही! विचारा आमच्या जावयांना."

सासऱ्यांवर छाप पाडायला निनादने सकाळीच तो रुपया चिंचेने लख्ख केला होता.

त्याने खिशातलं पेन काढलं आणि कागदावर लिहिलं:

"माननीय परीक्षक, सदर नाण्यावर काळसर झाक पूर्ववत येईपर्यंत, म्हणजे अंदाजे नव्वद वर्षे, निकाल राखून ठेवावा, ही नम्र विनंती."