माणसाळलेला बोका

"किती जणींनी टाकलं?" विहाराची झाडलोट करणाऱ्या प्रयूननं विचारलं.

त्याचे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते. घमेल्यात विहारातला नारिंगी बोका तोंग थरथरत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ताठ झालेले पाय घमेल्यावर टकटक वाजत होते.

"एकेकच टाकलं, काका," विलावन म्हणाली. वाढदिवसाचं पुण्य करायला ती बँकेतल्या मैत्रिणींना घेऊन आली होती. भिक्खूंना जेवण, मांजरांना पिसवांचं औषध. "खोक्यावर एकच नळी लिहिलीय."

"एकेक म्हणजे एकूण किती? ज्यांनी ह्याच्या मानेवर नळी पिळली त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. मग दुसरा. सगळ्यांत शेवटी विलावनचा. पाच.

"बाकीची जवळच येत नाहीत हो," एकजण पुटपुटली. "हाच आपला मांडीवर येऊन बसतो. फोटो पण नीट काढू देतो."

"मंडपाखाली मांजरं खाजवून खाजवून रक्तबंबाळ झालीत. त्यांना थेंब नाही. आणि विश्वासानं मांडीवर आला त्याला पाच!"

"रागावू नका ना, काका. प्रत्येकीला वाटलं, आपल्या हातून काहीतरी घडावं."

"घडलं की!" प्रयून ओरडला. "भिक्खूच्या पात्रात भात वाढताना एका डावाला चौघी हात लावता. तेव्हा सगळ्यांना पुण्य पुरतं. एका नळीला पाच हात लागले असते तर काय आटलं असतं का ते?"

प्रयूननं पाणी बदलून बोक्याची मान पुन्हा चोळली. औषध धुवा आणि ताबडतोब घेऊन या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. विलावननं रडत रडत गाडीची किल्ली काढली.

"रडणं नंतर. आधी दार उघड," तो म्हणाला आणि बोक्याला टॉवेलात गुंडाळून धावला.

तोंग वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयूननं त्याला विहाराच्या अंगणात सोडलं. हाही मंडपाखालीच जन्मला होता, माणूस दिसला की फिस्कारायचा. प्रयूनच्या बायकोनं, लमैनं, रोज तळहातावर मासा धरून त्याला माणसाळवलं. ती गेली. सवय राहिली.

"तिनंच बिघडवलं तुला," प्रयून म्हणाला आणि त्यानं खराटा उचलला. "पळ! माणूस दिसला की पळायचं! कळलं?"

त्यानं खराटा फरशीवर दाणकन आपटला. मंडपाखालची सगळी मांजरं क्षणात दिसेनाशी झाली.

तोंग हळूहळू चालत त्याच्या पायाशी आला आणि खाजवून घ्यायला त्यानं मान खाली केली.